शनिवारचा हात

नारायण पेठ, पुणे
२० जून २०१३

श्रीमती रतन जगधने यांस,
नमस्कार.

तुमच्या दीक्षाचा दहावीच्या गणिताचा क्लास या आठवड्यात सुरू झाला. तुमचे बंधू बुद्धभूषण आणि माझा केदार हिंजवडीला एकाच कंपनीत आहेत, म्हणून तिला घेतलं. एरवी जागा नव्हती. जन्मभर साठ-साठ पोरांचा वर्ग सांभाळला, आता संगणकावर एका वेळी एकच मूल शिकवते.

माझी पद्धत आधीच सांगते, म्हणजे नंतर कुरबूर नको. कॅमेरा मुलीच्या तोंडाकडे नसावा, वहीकडे असावा. तोंडं पुष्कळ पाहिली. सगळी 'समजलं बाई' म्हणतात. हात कुठे अडला ते मात्र लगेच दिसतं. तिलाही माझी फक्त वही आणि हात दिसेल. मुलीने क्लासमध्ये बोलायचं नाही. काही विचारायचं असेल तर वहीत लिहायचं. बोलक्या मुलांचं निम्मं लक्ष स्वतःच्या बोलण्याकडे असतं.

मंगळवार, गुरुवार संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी. मला फोन करू नये. पालक फोनवर घटकाभर बोलतात आणि त्यात कामाचं एक वाक्य नसतं. ईमेल तर पोरंच उघडतात. पत्र लिहावं. पोस्ट अजून चालू आहे, मी चौकशी केली आहे.

नीरजा खांबेटे


येरवडा, पुणे
२५ जून २०१३

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. आमच्याकडे बँकेचं सोडून कुणाचं पत्र येत नाही, त्यामुळे पोस्टमनने पाकीट हातात द्यायच्या आधी दोनदा नाव विचारलं.

भूषणने त्याचा जुना लॅपटॉप दिलाय. टेबललॅम्पच्या मानेला कॅमेरा सुतळीने बांधलाय, तो बरोबर वहीवर बघतो. दीक्षा हुशार आहे पण पायाला भिंगरी आहे. सगळा जीव कबड्डीत. बोलायचं नाही म्हटल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं.

बाई, मी स्वतः दहावीला गणितातच राहिले. तेव्हा लग्न ठरलेलं होतं, परत बसायचं राहूनच गेलं. इथल्या अंगणवाडीत मी मदतनीस आहे. पोरं घरोघरून आणते, खिचडी शिजवते, गाणी म्हणून घेते. आमच्या सेविकाताई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, पण ती जागा दहावी पास बाईलाच मिळणार. असो. तुम्ही कामाचं लिहा म्हणालात आणि मी माझंच सांगत बसले. आमच्या घरात गणितापायी आणखी कुणी अडू नये, एवढंच म्हणणं आहे.

आपली
रतन जगधने


नारायण पेठ
४ ऑगस्ट २०१३

श्रीमती जगधने यांस,
नमस्कार.

प्रगती कळवते. मंगळवार-गुरुवारची तुमची दीक्षा घाईची आहे. उत्तर बरोबर आणते पण वाटेतल्या पायऱ्या खाते. शनिवारी मात्र तीच मुलगी निराळी असते. अक्षर गोल येतं. हळू लिहिते, आणि पटल्याशिवाय पुढे सरकत नाही. परवा मी तीनदा सांगूनही वहीत 'नाही' असंच लिहिलं. चौथ्यांदा मी वेगळ्या तऱ्हेने सांगितलं, तेव्हा 'आता आलं' लिहिलं आणि खाली रेघ मारली. अशी मुलं मला आवडतात. हे तिला सांगू नये.

दोन तक्रारी आहेत. शनिवारी क्लासच्या आधी मुलीला स्वयंपाकाला जुंपू नका. नखांत पीठ असतं, बोटं हळदीने पिवळी असतात. दहावीचं वर्ष आहे, एक दिवस तुम्ही पोळ्या लाटल्यात तर बिघडणार नाही. दुसरं, मागल्या शनिवारी तिने समीकरणाच्या मध्येच 'बाई, कुकर' असं लिहिलं. माझ्या कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू येतच होत्या. शिकवताना मी उठत नाही, एवढंच. तिने वर्गमूळाकडे लक्ष द्यावं.

नीरजा खांबेटे


येरवडा
९ ऑगस्ट २०१३

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मी कितीदा तरी वाचलं. शनिवारची दीक्षा आवडते असं लिहिलंत, फार बरं वाटलं. तिला सांगितलं नाही.

पोळ्या यापुढे मीच लाटीन. म्हणजे क्लासनंतर लाटीन. कुकरचं पुन्हा होणार नाही, पण डाळ करपली नाही ना?

आपली
रतन जगधने


नारायण पेठ
१३ ऑक्टोबर २०१३

श्रीमती जगधने यांस,

गुरुवारी दीक्षाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना एकत्र चिकटपट्टी होती. पेन धरता येत नव्हतं. कबड्डीत बोट दुखावलं, डॉक्टरांनी तीन आठवडे पट्टी काढू नको म्हटलंय, असं तिनेच वाकड्या अक्षरांत लिहून सांगितलं. काल शनिवारी त्याच हाताला पट्टी नव्हती आणि अक्षर मोत्यासारखं होतं. दोन दिवसांत बोट बरं होत असेल तर डॉक्टरांचा पत्ता मलाही कळवा.

मी मूर्ख नाही. जून महिन्यापासून शनिवारी तुम्ही दुसऱ्याच कुणा मुलीला माझ्यासमोर बसवता आहात. शेजारची असेल, नात्यातली असेल. सरळ विचारलं असतंत तर मी कदाचित नाही म्हटलं असतं, पण माझा अपमान झाला नसता. एकास एक म्हणजे एकास एक. हात पाहून शिकवते म्हणून मला हातोहात फसवावं, याचं वाईट वाटलं. ती मुलगी चांगली होती, याचं जास्त वाईट वाटलं.

खुलासा येईपर्यंत शनिवारचा क्लास बंद.

नीरजा खांबेटे


येरवडा
१७ ऑक्टोबर २०१३

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

शेजारची कुणी नाही. शनिवारी मी बसते.

पहिल्या शनिवारी दीक्षाचा जिल्ह्याचा निवडीचा सामना होता. ती रडकुंडीला आली. क्लास वाया जाऊ नये म्हणून मी म्हटलं, तू जा, मी बसते आणि तुला सांगते. बांगड्या काढून ठेवल्या आणि बसले. तुम्ही बोलायचं नाही म्हणाला होतात, म्हणून धाडस झालं. त्या दिवशी तुम्ही वर्गसमीकरण शिकवलंत. शाळेत मला ते कधी कळलंच नव्हतं. सगळे पुढे निघून गेले आणि मी तिथेच उभी, असं झालं होतं. तुम्ही थांबलात. मी 'नाही' लिहिलं तरी चिडला नाहीत. पुढच्या शनिवारी दीक्षाचा सामना नव्हता, तरी मीच तिला म्हटलं, जा खेळायला.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण ऑगस्टमध्ये मी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचे विषय पाठ करून निघतील. गणित तुमच्या भरवशावर धरलं, आणि तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. घरात दीक्षा सोडून कुणाला माहीत नाही. सेविकाताईंची जागा मला हवीय बाई. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता कॉलेजात आहेत, आणि मी अजून पातेलीच घासते. तुमचं ऑगस्टचं पत्र वाचून वाटलं, मला जमेलही.

बांगड्या काढल्या, नखं घासली, आणि दीक्षाच्या बोटाची पट्टी विसरले.

आणखी एक लिहिते, रागावू नका. मी वहीत 'कुकर' लिहिलं त्या दिवशी तो शिट्ट्यांमागून शिट्ट्या देत होता. हेडफोनमध्ये माझ्या कानाला दडे बसले, आणि तुमचा हात एकदाही थांबला नाही. दाराची बेल पण कितीदा तरी वाजते आणि तुम्ही शिकवतच राहता. मी कुणाला बोलले नाही, दीक्षालाही नाही.

दीक्षाचा क्लास बंद करू नका. तिची चूक नाही. माझा केलात तरी चालेल.

आपली
रतन


नारायण पेठ
२८ ऑक्टोबर २०१३

रतनबाईंस,
नमस्कार.

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. रागात लिहायचं नाही असा माझा नियम आहे, म्हणून थांबले. राग पहिल्या दोन पानांचा नव्हता. शेवटी कुकर आणि बेलबद्दल लिहिलंत, त्या चार ओळींचा होता.

माझे कान गेले आहेत. अगदी सगळे नाहीत, पण माणसाचं बोलणं गर्दीत हरवल्यासारखं येतं. शाळेतल्या शेवटच्या वर्षी मागच्या बाकावरची पोरं नुसते ओठ हलवायची आणि मी 'बरोबर, बस खाली' म्हणायचे. वर्ग हसतोय हे मला दिसायचं. एवढी वर्षं ज्या खोलीत माझा दरारा होता, तिथे मी गंमत झाले होते. मुदतीआधीच शाळा सोडली आणि गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. केदारने संगणक आणून दिला तेव्हा हा वहीचा आणि हाताचा नियम काढला. लोकांना ती माझी शिस्त वाटली. मीही तसंच वाटू दिलं. केदारलाही नीटसं ठाऊक नाही. त्याला वाटतं मी मुद्दाम उत्तर देत नाही. माझा स्वभाव पाहता त्याचं चुकतं असंही नाही.

तुम्हाला हे कळलं होतं आणि तुम्ही मला हसला नाहीत. वहीत 'कुकर' लिहिलंत. डाळ करपली होती, तेव्हा विचारलं होतंत म्हणून सांगते.

येत्या शनिवारपासून तो क्लास तुमच्या नावावर. दीक्षाला बुधवार देते. विद्यार्थिनीला अहो-जाहो करायची मला सवय नाही, तेव्हा यापुढे तू. आणि बांगड्या घालूनच बस. त्या वाजल्या तरी मला कुठे ऐकू येणार आहेत?

नीरजा खांबेटे


येरवडा
२० जानेवारी २०१४

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

तुम्ही पोस्टाने पाठवलेला सराव पेपर घड्याळ लावून सोडवला आणि परत पाठवलाय. तुम्ही तपासायच्या आधीच सांगते, मी नापास आहे. अर्धा पेपर कोरा आहे.

मी परीक्षेला बसणार नाही. घरी आता सगळ्यांना कळलंय. दीक्षाच्या पप्पांनी भाजी आणायचं काम आपणहून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, माझ्या नशिबात शाळा नव्हती, तू बस. कुणी आडवं येत नाही बाई, त्याचंच ओझं वाटतं. दीक्षाच्या मैत्रिणी अभ्यासाला येतात, मला पुस्तक घेऊन बसलेलं बघतात आणि एकदम गप्प होतात. अंगणवाडीतही कुजबुज आहे. एकाच वर्षी आई आणि लेक, आणि लेक पास होऊन आई नापास झाली तर मी पोरांसमोर कशी उभी राहू? शनिवार तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या.

तुम्ही म्हणाल, लाज सोड. बाई, लहान तोंडी मोठा घास घेते. तुम्ही तरी कुठे कानाला मशीन लावता? केदारदादा एवढा शिकलेला, एका दिवसात आणून देईल. लाजच वाटते ना? मग माझी तुम्हाला कळेल.

चुकलं असेल तर पदरात घ्या.

रतन


नारायण पेठ
२७ जानेवारी २०१४

रतन,

तुझा उद्धटपणा मला आवडला नाही. खरं बोललीस म्हणून जास्तच नाही आवडला.

पेपर तपासला. जेवढी गणितं सोडवलीस त्यातलं एकही चुकलेलं नाही. एकही. तू भूमितीच्या एका प्रश्नाला धरून बसलीस, तो सुटेपर्यंत हलली नाहीस, आणि मागची सगळी गणितं तशीच राहिली. ती तुला येतात. दोन महिन्यांपूर्वी याच बोटांनी सोडवलेली मी पाहिली आहेत. पटल्याशिवाय पुढे जायचं नाही ही तुझी सवय मला आवडते असं मीच लिहिलं होतं, तेव्हा यात माझाही हात आहे. शिकताना ती सवय ठेव, परीक्षेत घरी ठेवून जा. अडलं की सोड आणि पुढचं घे. दीक्षाला थांबायला शिकवते आहे, तुला सोडायला शिकवायचं आहे. एका घरात दोन तऱ्हा.

आता दुसरं. तुझं पत्र आधी रागाने कपाटात टाकलं. मग केदारला सांगितलं. आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे केदारने माझ्या ऐकू येण्याचा कागदावरचा आलेख पाहिला. जिन्यात म्हणाला, "आई, मला वाटायचं तू माझ्यावर रागावली आहेस. म्हणून मी येणं कमी केलं." बाप होऊन बसलेला मुलगा जिन्यात रडला. माझ्या लाजेची झळ त्याला लागत होती, आणि मी तिला शिस्त म्हणत होते.

मशीन आलं आहे. डबीत ठेवलं आहे. गणिताच्या पेपराला तू जाशील त्या दिवशी मी ते कानाला लावीन. तू गेली नाहीस तर ते डबीतच राहील आणि केदारला कारण तू सांगायचं. नापास झालीस तर ऑक्टोबरला पुन्हा बसू. मी कुठे जात नाही.

शनिवारी वेळेवर बस.

नीरजा खांबेटे


येरवडा
१९ मार्च २०१४

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

गणिताचे दोन्ही पेपर झाले. पहिल्या पेपराला वर्गाच्या दारातच सर म्हणाले, पालकांनी गेटबाहेर थांबा. मी हॉलतिकीट पुढे केलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, आणि म्हणाले, "या ताई, खिडकीजवळ बाक आहे, वारा येतो." माझ्या मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "काकू, घाबरू नका." त्याचंच पेन दोनदा खाली पडलं. त्याला बघून माझी भीती गेली. अंगणवाडीत असं पोरगं आलं तर मी आधी त्याला पाणी देते. माझ्या बाटलीतलं दिलं.

भूमितीत वर्तुळावरच्या प्रश्नाला अडले. अगदी सुटत आलंय असं वाटत होतं. पेन उचलवेना. मग तुमचं आठवलं, आणि सोडलं. जीव तुटला बाई, पण सोडलं आणि पुढचं घेतलं. शेवटपर्यंत पोचले. ते एक मात्र राहिलंच.

तुम्ही मशीन लावलंत का?

रतन


नारायण पेठ
२५ मार्च २०१४

रतन,

लावलं. तू केंद्रावर पोचली असशील त्या सुमारास लावलं. आमचा फ्रिज एवढा ओरडतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचे नवरा-बायको अजून त्याच विषयावर भांडतात, मधल्या वर्षांत माझं काही चुकलेलं नाही. केदार रोज फोन करतो आणि रोज एकच विचारतो, ऐकू येतंय का. आता येतंय तर नको म्हणायची वेळ आली आहे. खोटं कशाला सांगू, त्याचा आवाज ऐकून बरं वाटतं.

निकाल जूनमध्ये लागेल. त्या दिवशी पत्र लिहू नकोस, दोन दिवस वाट पाहायचा मला धीर नाही. फोन कर. नंबर खाली दिला आहे. कुठल्याही पालकाला आजवर दिलेला नाही.

नीरजा खांबेटे


येरवडा
१८ जून २०१४

आदरणीय बाई,
सविनय जय भीम.

काल फोन मीच केला होता. तुम्ही "हॅलो" म्हणालात, "कोण" म्हणालात, आणि मी फोन नुसता धरून राहिले. वर्षभर तुमचा आवाज ऐकला, पण तुम्ही मला कधी ऐकलंच नव्हतं. पहिलं काय बोलायचं तेच सुचेना. हुंदका आला तो पदराने दाबला आणि फोन ठेवून दिला. मग वाटलं, तुम्हाला मशीन बिघडलं असं वाटलं असेल. मशीन चांगलं आहे बाई. मीच गप्प होते.

मी पास झाले. गणितात शंभरात चोपन्न. भूषणने ऑफिसातून बघून सांगितलं. दोनदा नंबर वाचायला लावला, तरी खरं वाटेना. दीक्षाला एक्क्याण्णव. ती गल्लीभर आधी माझे मार्क सांगत फिरली, मग स्वतःचे. सासूबाईंनी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि मला म्हणाल्या, कागद हातात आला की आधी मला दाखव, मला वाचता येत नसलं तरी. सेविकेच्या जागेचा अर्ज उद्या देते.

काल फोनवर बोलायचं होतं ते इथे लिहिते. तुम्ही माझ्यासाठी थांबलात. माझ्यासाठी आजवर कुणी एवढं थांबलं नव्हतं.

तुमची विद्यार्थिनी
रतन


नारायण पेठ
२१ जून २०१४

रतन,
सप्रेम जय भीम.

मशीन बिघडलं असं मला क्षणभरही वाटलं नाही. फोनवर कुणी बोलत नव्हतं, पण बांगड्या वाजत होत्या. काचेच्या, पुष्कळशा. डोळे पुसताना वाजतात तशा. नापास झालेली बाई फोन लावून रडत नाही, ती फोनच लावत नाही. तेवढ्यावरून उत्तर काढलं आणि केदारला सांगितलं, माझी रतन पास झाली. तो म्हणाला, "तिने सांगितलं?" म्हटलं, "हो." पायऱ्या न दाखवता उत्तर लिहिलं म्हणून दीक्षाला मी वर्षभर रागावले, तेव्हा हे तिला कळू देऊ नकोस.

चोपन्न गुण चांगले आहेत. वर्तुळाचा तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. 'अगदी सुटत आलंय' असं तुला वाटत होतं ना, तर तो एकदा पुरता सोडवू. आता घाई नाही, पटेपर्यंत बस.

येत्या शनिवारी संगणक लावू नकोस. घरी ये. तुझा हात मी गर्दीतही ओळखीन, पण तोंड अजून पाहिलेलं नाही. दीक्षाला आण, सासूबाईंना यायचं असेल तर त्यांनाही आण. आमटी-भात करीन. कुकरकडे या खेपेला मीच लक्ष देईन.

दुसरा मजला, डावीकडचं दार. बेल एकदाच वाजव. ऐकू येईल मला.

तुझी
नीरजाबाई